पहिलं रीडिंग

कारेगाव,
१४ जानेवारी २०२४

चि. माया हिला बन्सीमामाचा सप्रेम जय भीम.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "हो मामा, हो मामा" म्हणतेस आन् मागून कुणी हाक मारली की ठेवून देतेस. आमच्या क्वालिटी डिपार्टमेंटला तोंडी काही चालत न्हाई, त्यामुळं मलाही कागदाचीच सवय लागली.

आधी चांगलं सांगतो. डिसेंबरात तुमच्या कॉलेजच्या दौंडच्या केंद्रावर हिरड्या तपासायला मी अकरा माणसं आणली, ती समदी खूश हाईत. जीपमधून परत येताना चौफुल्यापासून न्हावऱ्यापर्यंत तुझाच विषय. आमच्या पॅकिंगमधला हौशीराम, ज्याच्या बापजाद्यांची मेंढरं होती तो, म्हणला, "बन्सीभाऊ, डॉक्टरनं मला 'काका, पाणी पिऊन घ्या' म्हणलं. असं कुणी म्हणत न्हाई." माझी छाती फुगली.

आता विचारायचं ते. काल माझं कार्ड आलं. खालच्या उजव्या शेवटच्या दाढेपुढं ४, ४, ३ लिहिलंय. मशीननं मोजलं तवा नुसतं पाणी उडाल्यासारखं वाटलं, काही कळलं न्हाई. पण तू ती खुणांची सळई घालून मोजलंस तवा डोळ्यांत पाणी आलं, आन् तू लिहिणाऱ्या शितलला मोठ्यानं सांगितलंस, "सात, आठ, सात." मी तोंड उघडं टाकून पडलो होतो, पण आकडे ऐकणं माझं कामच हाय. एकतीस वर्षं खोली मोजायचं डेप्थ गेज हातात हाय माझ्या. मग तुमचे सर आले, "पुन्हा घे" म्हणले, आन् तू परत मोजलंस. त्या वेळी दुखलं न्हाई. आकडेही ऐकू आले न्हाईत.

छपाईची चूक असंल तर दुरुस्त करून घे. तुझ्या आईला, ताईबाईला सांग, माझ्या मोनालीची परीक्षा झाली की आम्ही दौंडला येतो.

तुझा मामा,
बन्सी


दौंड,
२३ जानेवारी २०२४

ती. मामांस, सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र आईने आधी वाचलं आणि मग मला दिलं. "बघ, माझा भाऊ इन्स्पेक्टर आहे, त्याच्यापुढे काही लपत नाही," असं म्हणून हसत होती.

छपाईची चूक नाही, मामा. समजावून सांगते. दात आणि हिरडी यांच्यामध्ये बारीक फट असते. निरोगी तोंडात ती दोन-तीन मिलिमीटर खोल. हिरडीचा रोग वाढला की आतलं हाड झिजतं आणि फट खोल होत जाते. सहाच्या पुढे गेली तर नुसत्या सफाईने भागत नाही, हिरडीच्या आत जाऊन उपचार करावे लागतात. ही खोली आम्ही वर्षानुवर्षं सळईने मोजतो. यंत्र वेगळं आहे. ते हिरडीच्या कडेवरून पाण्याच्या बारीक धारेतून आवाज आत सोडतं, आपल्याला ऐकू न येणारा, आणि तो परत आला की खोली सांगतं. पोटाची सोनोग्राफी करतात त्यातलाच प्रकार. रुग्णाला काही दुखत नाही. माझा प्रबंध यावरच आहे. शंभर माणसं दोन्ही रीतींनी मोजायची आणि आकडे किती जुळतात ते बघायचं.

पहिल्या वेळी माझा हात जड पडला. हिरडी सुजलेली असली आणि हात जड पडला, तर सळई तळाला टोचून पुढे जाते आणि आकडा उगाच मोठा येतो. म्हणून दुसरं रीडिंग धरलं. तुमची सफाई झाली आहे, तेवढी पुरे. सहा महिन्यांनी सगळ्यांना घेऊन पुन्हा या.

मोनालीला आशीर्वाद.

तुमची,
माया


कारेगाव,
५ फेब्रुवारी २०२४

चि. माया, सप्रेम जय भीम.

समजलं. जड हात आमच्याकडंही असतो. नवीन पोरं गेज दाबून धरतात आन् चांगला जॉब, म्हंजी तयार झालेला पार्ट, रिजेक्ट करतात. पण आमच्यात एक हाय. पहिलं रीडिंग चुकलं तरी खोडायचं न्हाई. त्याच्यावर एक रेघ मारायची, शेजारी दुसरं लिहायचं, सही करायची. तुमच्याकडंही तसा कागद असंल.

दुसरं, तुमचे सर तुझ्याकडं यायच्या आधी मशीनच्या पडद्यावर वाकून बघून आले होते. एकच जॉब दोघं मोजत असले तर आम्ही एकाचा आकडा दुसऱ्याच्या कानावर जाऊ देत न्हाई. डॉक्टरकीत चालत असंल.

तू म्हणतेस तर माझं समाधान हाय. समद्यांना सांगितलं, "डॉक्टर माया म्हणते, काळजी न्हाई."

बन्सी


दौंड,
११ जून २०२४

ती. मामांस, सप्रेम जय भीम.

चार महिने झाले, तुमच्या पत्राला उत्तर दिलं नाही. रागावू नका. प्रबंध, ओपीडी आणि सरांची कामं यातच सगळा दिवस जातो.

बातमी अशी की नागपूरच्या परिषदेत माझ्या पेपरला पहिलं बक्षीस मिळालं! हाताने घेतलेले आणि यंत्राने घेतलेले आकडे इतके जवळ येतील असं तिथे कुणालाच वाटलं नव्हतं. सरांनी स्टेजवर माझं नाव घेतलं. आता ही यंत्रं गाड्यांमध्ये बसवून कारखान्यांच्या गेटवर न्यायची योजना आहे. तुमच्या रांजणगावलाही गाडी येईल. एका माणसाला पाच मिनिटं, दुखणं नाही, की डॉक्टरची गरज नाही. आईने बक्षिसाचा फोटो मोठा करून लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "माझ्या बन्सीने माणसं गोळा करून दिली म्हणून झालं हे."

मामा, ३० जूनला तुम्हा बाराही जणांची पुन्हा तपासणी ठरवली आहे. सगळ्यांना नक्की घेऊन या. एकही कमी झाला तर आकडेवारीत अडचण होते. तुमच्या प्रश्नांचं भेटल्यावर सविस्तर बोलू.

तुमची,
माया


कारेगाव,
१ जुलै २०२४

माया,

काल तू वाट बघितली असशील. आम्ही आलो न्हाई. मीच जीप सांगितली न्हाई.

मे महिन्यात माझी ती शेवटची दाढ हलायला लागली. तुझं कार्ड खिशात होतं म्हणून महिनाभर गप बसलो. मग भाकरी चावताना पू आला तवा शिरूरला गेलो. तिथं डॉक्टर ज्ञानेश्वरी म्हणून हाईत, साधा एका खुर्चीचा दवाखाना. त्यांनी तुझ्यासारखीच सळई घातली. मी म्हणलो, "बाई, आकडे मोठ्यानं सांगा." त्या म्हणल्या, "आठ, नऊ, आठ." मी कार्ड दाखवलं. त्यांनी उलटून-पालटून बघितलं आन् विचारलं, "हे कार्ड तुमचंच आहे ना?" ती आन् तिच्या शेजारची, अशा दोन दाढा काढल्या. सहा महिने आधी आलो असतो तर वाचल्या असत्या का, विचारलं. "खात्री देत नाही, पण प्रयत्न केला असता," म्हणल्या.

माझ्या दाढांचं जाऊ दे. हौशीरामचं ऐक. त्याच्याही कार्डावर समदे तीन आन् चार. एप्रिलात त्याची हिरडी सुजली. मी म्हणलो, "अरे, कार्ड चांगलं हाय तुझं, उष्णता असंल." हे मी म्हणलो, माया. मेच्या शेवटी जबड्याखाली ही एवढी गाठ आली, मान वळंना, ताप. शिरूरला ॲडमिट केलं तवा कळलं की साखर चारशेच्या वर, कवापासून हाय ते त्यालाच ठाऊक न्हाई. मानेला चीर देऊन पू काढला. तीन आठवडे दवाखान्यात. तो ठेकेदाराकडचा माणूस, कंपनीचा न्हवं. परत गेला तर त्याच्या जागी दुसरा उभा.

मला उत्तर पाहिजे. पहिल्या रीडिंगचं काय केलंस? किती जणांचं केलंस? समोर भेटल्यावर न्हाई, कागदावर सांग.

बन्सी


दौंड,
१६ जुलै २०२४

ती. मामा,

चार वेळा पत्र लिहून फाडलं. हे पाचवं आहे, हे पाठवणार.

हात जड पडला नव्हता. सात, आठ, सात हेच खरं होतं. जड हाताबद्दल मी जे लिहिलं ते पुस्तकात खरं आहे, तुमच्या दाढेपुरतं खोटं.

यंत्र का चुकतं ते मला दहाव्या रुग्णापाशीच कळलं होतं. हिरडीच्या आत दातावर कीटण जाड झालं असेल तर आवाज त्यावरच आपटून परत येतो, तळापर्यंत जात नाही. म्हणजे ज्याचा रोग जितका जुना, तितकं यंत्र त्याला बरं ठरवतं. मी सरांना सांगितलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "माया, या यंत्रावर मी सहा वर्षं घालवली आहेत. तुझ्या हाताला किती झाली?" खोटं लिही असं ते एकदाही म्हणाले नाहीत. नुसतं यायचे, पडद्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "पुन्हा घे." आकडा जुळेपर्यंत पुन्हा घे. नंतर नंतर ते यायच्या आधीच मी पुन्हा घ्यायला लागले.

शंभरातल्या सव्वीस जणांचे आकडे मी बदलले. त्यातले नऊ तुमच्या जीपमधले. तुमच्या वेळी निदान सळई हिरडीला टेकवली तरी. हौशीरामांच्या वेळी दुसऱ्यांदा तेही केलं नाही. शितलला सांगितलं, तीन लिही.

सरांनी मला निवडलं तेव्हा वर्गातल्या दोघींनी तोंड वाकडं केलं होतं. का, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांच्यासमोर मला पडायचं नव्हतं. आपल्या घरात कोण इथवर आलंय, मामा? आईने मला कशी शिकवली ते तुम्ही बघितलंय.

एक मागते. डिसेंबरात प्रबंध जमा होईल, मग परीक्षा. तोवर थांबा. नंतर मी स्वतः एकेकाला बोलावून उपचार करीन. आईला यातलं काही माहीत नाही.

माया


कारेगाव,
२७ जुलै २०२४

माया,

त्यांनी तोंड वाकडं केलं म्हणून तू आकडा वाकडा केलास?

मलाही शॉपमध्ये पहिली दहा वर्षं कुणी चहाला हाक मारली न्हाई. माझ्याकडं एकच होतं, बन्सीनं ओके केलेला जॉब परत येत न्हाई. तुझ्या सरांसारखे माझ्याकडंही आले. एकदा मॅनेजर म्हणला, "दोन सूत इकडं तिकडं, लिहून टाक, गाडी उभी आहे." मी लिहिलं न्हाई. त्या वर्षी माझं प्रमोशन गेलं. घरात कुणाला सांगितलं न्हाई, आज तुला सांगतो. फुशारकी म्हणून न्हाई. तुला "आपल्या घरात कोण" असं लिहिता आलं म्हणून.

परवा हौशीरामच्या खोलीवर गेलो. त्याची बायको म्हाळसा भात कुस्करून दुधात कालवत होती. तोंड अजून पुरतं उघडत न्हाई त्याचं. मला बघून उठायला लागला. म्हणला, "भाऊ, तुमच्या भाचीनं तपासलं होतं, सफाई केली होती, म्हणून एवढ्यावर निभावलं. न्हाईतर मेलोच असतो. तिला माझा निरोप सांगा."

मी मान हलवली. त्याच्या खोलीत, त्याचा चहा पीत, मी मान हलवली. आता माझंही रीडिंग खोटं झालं.

डिसेंबरपर्यंत थांब म्हणतेस. हिरड्या थांबतील का? नऊ जणांची पहिली रीडिंग मला पाठव. नावानिशी, दातानिशी, सही करून. ती मी ज्ञानेश्वरी डॉक्टरांना दाखवणार. बाकीचे सतरा कुठले, त्यांचं काय करायचं, ते तू बघ.

बन्सी


दौंड,
२ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

यादी सोबत जोडली आहे. शितलने पेन्सिलने लिहिलेले कच्चे कागद मी फाडले नव्हते. का ठेवले ते मला सांगता येणार नाही. त्यावरून उतरवलं, खाली सही केली. बाकीच्या सतरा जणांना केंद्रावरून फोन लावते आहे. सहा आले. बाकीचे म्हणतात, कार्डावर सगळं चांगलं आहे, मग खाडा कशाला करायचा?

आमच्याकडे नावं नसतात, नंबर असतात. नंबरापुढे नावं लिहायला बसले तेव्हा चौतीस नंबर कोण ते आठवेना. रजिस्टर उघडून बघावं लागलं. ते हौशीराम होते.

यादी फक्त डॉक्टरांना दाखवा. कॉलेजपर्यंत जाऊ देऊ नका. पाया पडते. हात जोडते. आईसाठी तरी.

माया


कारेगाव,
२४ ऑक्टोबर २०२४

चि. माया, सप्रेम जय भीम.

तुला समदं कळलंच हाय, पण माझ्या हातानं लिहून कळवायचं राहिलं होतं.

मी सोडून बाकीच्या आठ जणांना एकेक करून शिरूरला नेलं. ज्ञानेश्वरी डॉक्टरांनी आधी मोजलं, मग तुझी यादी बघितली. आधी बघू नका, असं मीच सांगितलं होतं. सात जणांचे आकडे एका मिलिमीटरच्या आत बसले. डॉक्टर म्हणल्या, "ज्याने कुणी हे घेतलंय त्याचा हात फार चांगला आहे." मी बाहेर येऊन बाकड्यावर बसलो. माझ्या एकतीस वर्षांत असा हात मी दोघा-तिघांचाच बघितला.

समद्यांना खरं सांगितलं. दोघं माझ्याशी बोलत न्हाईत. एकानं शिवी दिली, ती मी घेतली. हौशीरामला शेवटी सांगितलं. त्यानं म्हाळसाकडं बघितलं. मग एवढंच म्हणला, "मग मी उगाच तिचं नाव घेत होतो का?" मी व्हय म्हणलो. आता तो न्हावऱ्याला भावाकडं गेलाय, कांदा लावायच्या कामाला.

तुझी विनंती मी पाळणार होतो. खरं सांगतो, यादीची घडी घालून कपाटात ठेवली होती. पण सप्टेंबरच्या शेवटी आमच्या गेटवर पांढरी गाडी उभी राहिली. "न दुखता हिरड्यांची तपासणी." पहिली शिफ्ट सुटलेली पोरं रांगेत. आमच्या शेजारचा सतीश हातात कार्ड नाचवत आला, "काका, मला काहीच निघालं न्हाई!" त्याच्या तोंडाला कवाची घाण येते, हे आळीत समद्यांना ठाऊक हाय. त्याच्या कार्डावर तीन, तीन, तीन. आत मशीनवर एक बारावी झालेली पोरगी बसली होती. सळई कुणाकडंच न्हवती.

दुसऱ्या दिवशी यादीची झेरॉक्स काढली आन् तुझ्या कॉलेजला, विद्यापीठाला रजिस्टरनं पाठवली. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव, पत्ता, सही.

चौकशीचं पत्र मलाही आलं. तुझा प्रबंध अडकवलाय. "विद्यार्थिनीने केलेले गैरवर्तन" असं लिहिलंय. सरांचं नाव कुठंच न्हाई. ते चौकशी समितीत हाईत, असं कळलं. यादीवर तुझ्या एकटीची सही होती आन् ती मीच मागून घेतली होती. ते "पुन्हा घे" म्हणले, हे कागदावर कुठं असणार? आयुष्यभर मी म्हणत आलो, तोंडी चालत न्हाई. माझ्याच हातानं तुला एकटीला पकडून दिलं. मी परत पत्र लिहिलं, की सर तोंडानं काय म्हणले ते मी खुर्चीवर पडून ऐकलं, मला बोलवा. उत्तर न्हाई. ती पांढरी गाडी मागच्या मंगळवारी गेटवर परत आली होती.

यादी पाठवली ती चूक, असं मी म्हणणार न्हाई. पण बरं केलं असंही म्हणवत न्हाई.

परवा ताईबाई आली. एकटीच, दुपारच्या एसटीनं. दारात उभी राहून म्हणली, "बन्सी, तुला विचारायचं होतं ते मला विचारायचंस. माझी पोर होती ती." मी आत ये म्हणलो. मोनालीनं पाण्याचा तांब्या आणला. तिनं तो हातात घेतला, उंबऱ्यावर ठेवला आन् तशीच फिरली. मी चप्पल घालून मागं गेलो, स्टँडवर तिच्याशेजारी उभा राहिलो. दौंडची गाडी यायला पाऊण तास लागला. पाऊण तास आम्ही दोघं बहीण-भाऊ शेजारी उभे होतो. गाडी आली, ती चढली. खिडकीत बसली, पण पलीकडच्या बाजूच्या.

तुझा मामा,
बन्सी